चौकटीची उंची

कूलरच्या जाळीत नवा वाळा भरून त्यावर पहिलं पाणी सोडलं, की एक वास उठतो. ओल्या मुळांचा, किंचित गोडसर, तापलेल्या भिंतीवर कोणी सावकाश हात फिरवावा तसा. वैशाखातल्या त्या सकाळी मेहकरच्या आमच्या घरात तो वास भरून राहिला होता, आणि माझ्या बोटांना वाळ्याच्या काड्या चिकटलेल्या असतानाच मलकापूरहून कुसुमवहिनींचा फोन आला. "सुधा, तुझे दादा आज उठलेच नाही वं..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढे बराच वेळ त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मलकापूरच्या वाटेवर राजूर घाट उतरताना मी पुन्हा पुन्हा बोटं नाकाशी नेत होते. मधुकरदादाच्या खोलीचा वास नेमका हाच होता, ओला वाळा आणि त्याखाली तापलेल्या संगणकाचा मंद, करपट दर्प. माणूस गेला होता, आणि त्याची खोली माझ्या बोटांवर बसून त्याच्या घराकडे निघाली होती.

मधुकरदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मलकापुरात स्टेशनच्या अलीकडे असलेल्या एका छापखान्यात तो संगणकावर मजकूर लावण्याचं काम करी. आमच्या समाजात दरवर्षी उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा भरतो आणि त्यानिमित्त एक सूची निघते. पानावर सहा फोटो, प्रत्येकाखाली नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा. कितीतरी वर्षं ती सूची दादानेच लावली. छापखाना बंद झाला तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. लोकांना वाटलं, आता हा ओट्यावर बसून पेपर वाचणार. त्याने मात्र माडीवरच्या खोलीत एक जुना संगणक आणून ठेवला, आणि कोणाकडेही न जाता, चुकत-माकत, वेबपानं कशी बांधतात ते शिकून घेतलं. दोन वर्षांनी समाजाच्या मंडळाची सूची कागदावरून फोनवर आली, तीही त्याच्याच हातची. मजकुराची भाषा तपासायला त्याला कोणीतरी हवं होतं. मी शाळेत मराठी शिकवत होते. सुट्ट्यांत मलकापूरला जाऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणं हा माझा नेम होऊन गेला.

सूचीतल्या प्रत्येक माणसासाठी पडद्यावर एक चौकट असे. सगळे त्याला कार्ड म्हणत, दादा मात्र शेवटपर्यंत 'चौकट' म्हणाला. संगणकाच्या रुंद पडद्यावर एका ओळीत तीन चौकटी मावत. तो माउसने विंडोची कड धरून ती हळूहळू आत ढकली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनांच्या दोन होत, दोनांची एक. अरुंद बोळात शिरताना शेजारी चालणाऱ्या बाया जशा न बोलता मागे-पुढे होतात, तशा त्या चौकटी जागा बदलत. "सरकलं पाह्यजे, पण कोनी बाहीर नाही पडलं पाह्यजे," तो म्हणे. फोटोत कपाळ कापलं गेलं तर तो अस्वस्थ होई. 'धामणगाव बढे' हे नाव ओळीच्या टोकाशी तुटून 'बढे' एकटंच खाली पडलं, तर दोन शब्दांमध्ये तो न तुटणारी एक कोरी जागा घाली. ती जागा कोणाला दिसत नसे, पण गाव अखंड राही. आणि अख्खी चौकटच दाबता आली पाहिजे, तिच्यातलं बारीकसं बटन नव्हे, हा त्याचा हट्ट होता. "निंदण-खुरपण केलेल्या अंगठ्याले तुहं टिचभर बटन सापडते का?"

खिडकीशी एक फळी होती. तिच्यावर लोकांनी टाकून दिलेले सात फोन ओळीने मांडलेले असत, मोठ्यापासून लहानापर्यंत. सर्वांत शेवटी एक लाल फोन, तळहातात हरवेल एवढा, पडद्याच्या कोपऱ्याला तडा गेलेला. कोणतीही चौकट सूचीत जाण्याआधी त्या लाल फोनवर पाहिली जाई, तीही गॅलरीत, भर उन्हात उभं राहून. तो फोन माझ्या हातात देऊन दादा एकच शब्द उच्चारी, "वाच." मनातल्या मनात वाचलेलं त्याला चालत नसे. मी मोठ्याने वाचायचं, आणि मूळ अर्ज हातात धरून त्याने अक्षरन् अक्षर ताडून पाहायचं. खालून स्टेशनवरची घोषणा येई, गाडी धडधडत निघून जाई, तेवढा वेळ आम्ही दोघं गप्प राहू. मग पुन्हा, "वाच."

आता मला सांगायचं आहे ते अकरा वर्षांपूर्वीचं. माझी धाकटी बहीण शैला तेव्हा एकतीस वर्षांची होती. नवरा अपघातात जाऊन तीन वर्षं झाली होती, पदरात सात वर्षांची रेवा. शैलाने स्वतःहून सूचीचा अर्ज भरला, हे आमच्या घरात मोठंच धाडस होतं. छापील सूचीत पुनर्विवाहाची पानं नेहमी सर्वांत शेवटी असत, गुलाबी कागदावर. तो गुलाबी रंग दिसला, की माणसं सूची मिटून ठेवीत. दादाला ते कायम खटके. वेबपान करताना त्याला वाटलं, आपण ही चूक दुरुस्त केली. त्याने तीन स्तंभ आखले, मुली, मुलं आणि तिसरा पुनर्विवाहाचा. सगळे शेजारी शेजारी, एकाच उंबरठ्यावर उभे.

शैला पान बघायला आली. दादाने हौसेने लाल फोन तिच्या हाती दिला. ती अंगठ्याने पान वर सरकवत राहिली, सरकवत राहिली... मुली संपल्या, मुलं सुरू झाली, तीही संपेनात. शेवटी ती हसून म्हणाली, "दादा, अंगठा दुखला माहा. मी कुठी हाय?"

दादाने फोन घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. एकेक चौकट त्याने फोनवर पाहिली होती, अख्खं पान नाही; रुंद पडद्यावर शेजारी दिसणारे स्तंभ फोनवर एकाखाली एक रचले जात होते, आणि तिसरा स्तंभ सगळ्यांच्या तळाशी गेला होता. गुलाबी कागद नव्हता, तरी जागा तीच. "मी तुले पुन्हा मागंच नेऊन बसवलं बाई," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही स्तंभ मोडून त्याने अर्ज जसे आले तशा चौकटी एकाच रांगेत लावल्या. शैला चौथी आली.

मंडळाच्या अध्यक्षांना, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, ते मुळीच रुचलं नाही. ते माडीवर चढून आले. "मधुकरराव, हे काय मिसळून टाकलं? काही पद्धत असते."

"फोनवर एकच रांग मावते आबासाहेब," दादा शांतपणे म्हणाला. "तिच्यात शेवटी कोनाले उभं करायचं, तेवढं लेखी द्या. लगेच करतो."

आबासाहेबांनी लेखी दिलं नाही. पण जाता जाता पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "निदान सारख्या उंचीच्या तरी करा. कोणी टांगभर, कोणी बोटभर... मोडक्या कुंपणासारखं दिसतंय." आणि तिथे, मला आजही लाज वाटते, त्यांचं म्हणणं मलाच पटलं. मी वृत्तांवर वाढलेली. ओळी सम असाव्यात, चरण चरणाशी जुळावा, हे माझ्या कानांना लागलेलं वळण. मी दादाला म्हटलं, मजकूर काटेकोर केला तर सगळ्या चौकटी एका उंचीच्या होतील. ते काम माझं. तो हसला. "मास्तरीणबाई, सैपाक भांड्याच्या मापानं करते का कोनी? आधी खानारे मोजतो आपण. वृत्तात नसंल बसत, तर मुक्तछंद कर." पण मी अर्जांचा गठ्ठा घरी नेला आणि लाल शाईच्या पेनने मजकूर छाटला. पोरांच्या निबंधांवर चाले तसाच हात चालला.

शैलाच्या अर्जावर, तिच्या किरट्या अक्षरात, अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मला सात वर्षांची मुलगी आहे. तिचं नाव रेवा. ती माझ्यासोबतच राहील. हे मान्य असेल त्यांनीच फोन करावा.' मी त्या चारही वाक्यांवर एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'अनुरूप जोडीदार अपेक्षित.' चौकट शेजारच्या चौकटीइतकी झाली. मी स्वतःला सांगितलं, हे उंचीसाठी आहे. ते उंचीसाठी नव्हतं. रेवाचं नाव वाचून कोणीच फोन करणार नाही, या भीतीने मी ते पुसलं होतं. मुलीचं नंतर सांगता येईल, आधी माणूस दारापर्यंत तर येऊ दे... असा हिशेब एका सख्ख्या मावशीने केला होता.

दादाने अर्ज ताडून पाहिले तेव्हा त्याला ते दिसलं. त्याने मला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती, कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास खोलीभर साचला होता. मला वाटलं, तो रागावेल. तो उठला, फळीवरचा लाल फोन घेतला, मला गॅलरीत नेलं आणि फोन माझ्या हातात दिला. "वाच." शैलाची चौकट त्याने पहिल्यासारखी केली होती. ती लांब होती, त्या इवल्या पडद्यावर दोनदा सरकवावी लागत होती. मी वाचू लागले. 'तिचं नाव रेवा' इथे मी अडखळले. दादा रुळांकडे बघत उभा राहिला, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "उंची वाढू दे चौकटीची. पोरीले कायले कापतं?" त्यानंतर या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही. शैलाशीही नाही.

पहिले काही आठवडे फोन आलाच नाही. माझी भीती खरी ठरते आहे, असं वाटून मी मनातल्या मनात दादावर चिडतही होते. मग धामणगाव बढेहून एका शिक्षकाचा फोन आला. त्यांची पत्नी आजारपणात गेली होती. शैला सांगते, त्यांनी नाव-गाव सांगून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, "रेवा कितवीत आहे?" त्या घरात आज शैला सुखात आहे. त्यांच्या लग्नात दादा मागच्या रांगेत बसला होता, आणि निरोप घेताना रेवाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

दादा वारल्यावर तीन आठवड्यांनी कुसुमवहिनींनी मला आणि रेवाला बोलावलं. खोली आवरायची होती. रेवा आता अठराची आहे, कॉलेजात संगणक शिकते; सूची पुढे कोणी चालवायची, हे न सांगता ठरलेलं होतं. खोलीत धूळ होती, कोरडा वाळा होता आणि कोणताही वास नव्हता. ती निर्गंधता मला सहन होईना. वहिनींनी कळशीभर पाणी आणून कूलरमध्ये ओतलं, बटन लावलं आणि त्या जिन्याने खाली गेल्या. आधी धुळीचा, मग हळूहळू तो ओला वास येऊ लागला.

दादा मूळ अर्ज कधी फेकत नसे. रेवा कपाटातल्या फायली काढून वर्षवार लावत होती. मध्येच तिचे हात थांबले. मी वळून पाहिलं, आणि तिच्या हातात काय आहे ते मला लांबूनच कळलं. कागद पिवळा पडला होता, पण रेघेचा लाल रंग अजून ओला असल्यासारखा होता.

"मावशी, हे अक्षर तुझं आहे."

"हो."

"माझं नाव तू खोडलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. आबासाहेबांची सारख्या उंचीची सूचना सांगितली, आणि ती सबब होती हेही सांगितलं. भीती सांगितली. दादाने काय केलं ते सांगितलं. शैलाला मी नंतर सांगितलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "दादानं वाचवलं ताई तुले." रेवाने मात्र त्या दुपारी कागद जुन्याच घडीवर मिटून फायलीत परत ठेवला, फाईल जागेवर ठेवली आणि संगणकासमोर, दादाच्या खुर्चीत जाऊन बसली. मी भिंतीशी उभी राहून कळफलकाच्या कळा ऐकत होते. थांबून, पुन्हा सुरू होणाऱ्या... तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. खाली स्टेशनवर एक गाडी आली आणि गेली.

मग ती उठली. आल्याबरोबर चार्जिंगला लावलेला लाल फोन तिने काढला, पडद्यावरचा तडा ओढणीने पुसला आणि गॅलरीचं दार उघडलं. सूचीत सर्वांत वर एक नवी चौकट होती. फोटोत कपाळ कुठे कापलेलं नव्हतं. खाली दादाचं नाव, गाव, आणि त्याखाली तिने लिहिलेला मजकूर, लांबच लांब. एका नजरेत संपणारा नव्हताच तो, तीनदा तरी अंगठा फिरवावा लागला असता. इतक्या वर्षांची सवय. माझा हात नकळत पेन शोधू लागला. रेवाने ते पाहिलं. उन्हात डोळे बारीक करून, दादाचा फोन माझ्या तळहातावर ठेवत ती म्हणाली,

"वाच."