प्लास्टिकच्या पानांचा घागरा

इथे आखातात, अल गराफातल्या एका व्हिलात मराठी मंडळाच्या गॅदरिंगसाठी आदिवासी नाचाची प्रॅक्टिस चालली होती. अध्यक्षबाईंनी प्लास्टिकच्या पानांचा घागरा माझ्या कमरेला लावून बघितला. म्हणाल्या, "तुला काय शिकवायचं? तू तर ओरिजिनल."

मी म्हटलं, मला नाचता येत नाही.

सगळ्या हसल्या. आदिवासी असून? मागून कुणीतरी बोललंच, मिशनवाल्यांनी बाटवलं असणार हिला. मी इथे दवाखान्यात नर्स आहे. यांच्या पोरांना लस मीच टोचते. लाजेने माझे कान तापले.

मी सातपुड्यातली पावरा. आमच्या पाड्यावरची शाळा कागदावर होती, मास्तर नव्हता. खाली मिशनचं बोर्डिंग होतं. सिस्टरने माझं बोट धरून पाटीवर अक्षर काढलं. तापात उशाशी बसून राहिली. तिला वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण आमच्या बोलीत बोललं की त्या वेळचं जेवण मिळायचं नाही. आणि होळीला घरी सोडत नसत. आमचा वर्षाचा सण. ढोल वाजला की म्हातारी माणसंही नाचतात. एका होळीला आई मला न्यायला डोंगर उतरून आली. सिस्टर शांतपणे म्हणाली, "ते सैतानाचं काम. नेलीस तर परत आणू नकोस."

आईने माझ्याकडे बघितलं. मी शिकावं हे तिचंच स्वप्न. ती एकटीच परत गेली. पुन्हा कधी होळीला आली नाही.

मागच्या वर्षी आई वारली. बायांनी रडत तिची गाणी म्हटली. मी पोटची पोर, मला एक ओळ येत नव्हती. तोंड मिटून उभी राहिले. ते दुःख अजून उतरत नाही.

एकांनी नाच काढून घेतला. दुसऱ्यांना माझा फक्त नाच पाहिजे. यांच्यातला कुणी आमच्या डोंगरावर खडू घेऊन आला नाही, आणि बाटलेली मी!

घागरा बाईंच्या हातात दिला. "मॅडम, आमच्या बाया असलं नेसत नाहीत. मी नाचणार नाही. खलास."

त्या म्हणाल्या, गंमत होती गं, मनाला किती लावून घेतेस. मी चपला घातल्या.

होळीची रजा टाकलीय. लेकीला घेऊन मावशीकडे जाणार, नाच शिकणार, गाणी शिकणार. दोघीही. लेकीच्या शाळेने कळवलंय, तेव्हा परीक्षा आहे, नेऊ नका.

परीक्षा पुन्हा देता येते. मी तिला नेणार.