दत्तूची कावीळ

अकरा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. मित्र जमले की आपापल्या चुका सांगून हसतात, तेव्हा मीही एखादी किरकोळ चूक पुढं करत असे — ही नाही. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडली, आणि आज तुम्हाला सांगतोय. स्वतःला फार काळं रंगवलं तर तेही एक सोंगच होईल, नाही का? म्हणून जसं घडलं तसंच सांगतो.

मी चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर होतो. पत्रा प्रेसखाली घालून गाड्यांचे भाग काढायचे, हे आमचं काम. राहायला आकुर्डीला, मूळचा परभणीकडचा. दत्तू माझ्या लाइनवरचा ऑपरेटर. चाकणजवळच्याच एका खेड्यातला, तिथल्या जुन्या घरातला. त्याचा बाप दारूनं गेला होता — शेवटी डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते म्हणे. त्या दिवसापासून दत्तूनं ग्लासाला हात लावला नव्हता. दसऱ्याची पूजा झाली की पोरं ढाब्यावर जायची. हा सोबत जायचा, लिंबू सरबत प्यायचा आणि शेवटी एकेकाला घरी पोचवायचा. एकदा मलाही पोचवलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा — मला पक्कं माहीत होतं.

एका सोमवारी पत्र्याच्या कडेनं त्याचा तळहात फाटला. "खोल हाय वो साहेब. नोंद करायची का?" त्यानं विचारलं. त्याच आठवड्यात मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं. वर्षभर एकही अपघात नाही, असं आम्ही मिरवत होतो, आणि माझ्या बढतीची चर्चा चालू होती. मी म्हणालो, "एवढ्याशाला कसली नोंद? पट्टी बांध, ग्लोव्ह घाल." त्यानं घातला. तेलानं माखलेला ग्लोव्ह होता तो.

बुधवारी ताप आला. गुरुवारी थंडीनं दातावर दात आपटत होते, तरी मी सुट्टी दिली नाही. शुक्रवारी सकाळी तो भलतंच बोलायला लागला, मशीनपाशीच खाली बसला, आणि मग आम्ही त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. ही आहेच — पण हे दत्तूलाही ठाऊक होतं. जे त्याला ठाऊक नव्हतं, ते पुढं आहे.

डॉक्टर म्हणाले, सेप्सिस. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. शनिवारी दुपारी त्याचे डोळे पिवळे झाले. एक तरुण डॉक्टर बाहेर आला. बाकावर दत्तूची बायको सुमन होती, मोठा भाऊ होता, कंपनीतर्फे मी होतो. "दारू घेतात का?" डॉक्टरनं विचारलं. सुमन म्हणाली, "न्हाई, कदीच न्हाई." डॉक्टर मान हलवून निघाला, आणि मी त्याच्या मागं गेलो. औषधाच्या खिडकीपाशी त्याला गाठलं, आवाज खाली केला आणि म्हणालो — "घरच्यांना माहीत नसतं हो. घेतो तो. रोजच घेतो."

का? खरं कारण सांगतो, ते तुम्हाला आवडणार नाही. दारूनं लिव्हर आधीच गेलेलं असेल, तर जखम क्षुल्लक ठरते. जखम क्षुल्लक ठरली, की तिची नोंद का नाही हे कुणी विचारत नाही. हा हिशोब मी बाकापासून त्या खिडकीपर्यंत चालता चालता केला. तेवढा वेळ पुरला.

तासाभरानं तो डॉक्टर सुमनला म्हणाला, "त्यांना दारूची सवय आहे असं कळलंय. वाचले तर आता थेंबही नाही." तिला वाटलं, रक्ताच्या तपासणीत निघालं. कुणी सांगितलं असेल हे तिच्या मनातही आलं नाही. ती बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी तिला पाणी आणून दिलं. हो — मी.

इथंही थांबता आलं असतं. पाचव्या दिवशी दत्तूचा रक्तदाब सावरला, आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. सुमन मुलांकडे घरी गेली होती. बाईंनी फाइल उघडली. "हे दारूचं कुणी लिहिलं? सोनोग्राफीत तसलं काहीच नाही. यांचं लिव्हर चांगलं होतं."

मी विचारलं, मग कावीळ? बाईंनी मला समजेल असं सांगितलं. प्रत्येक पेशीत जीन असतात — पेशीनं काय काय करायचं याच्या सूचना. सगळ्या सूचना एकदम चालू नसतात. काही चालू, काही बंद. रक्तात संसर्ग पसरला की लिव्हरच्या पेशी रोजच्या कामाच्या सूचना मंद करतात आणि संसर्गाशी लढायला लागणारी प्रथिनं धडाधड बनवू लागतात. पित्त बाहेर टाकायचं काम मागं पडतं, औषधं पचवायचं काम मागं पडतं. पित्त साचतं, माणूस पिवळा होतो. "संसर्ग आटोक्यात आला की बहुतेकदा गाडी रुळावर येते. यांची येतेय. घरच्यांना सांगा बरं का, उगाच त्यांच्या मनात राहायला नको."

मी म्हणालो, "हो, सांगतो."

आणि सांगितलं नाही.

डॉक्टरला खोटं सांगितलं तेव्हा मी घाबरलेला होतो, असं म्हणता येईल. पण त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा कसली भीती होती? दत्तू वाचत होता. खरं काय ते मला नीट समजलं होतं. सुमन संध्याकाळी आली, आणि मी तिला फक्त म्हणालो, "सुधारणा आहे, वहिनी."

दत्तू अडीच महिन्यांनी कामावर आला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती; त्याला स्टोअरमध्ये घेतलं. माझी बढती झाली. सुमननं मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून दत्तूकडून शपथ घेतली. कधी न प्यायलेली दारू त्यानं सोडली. 'बापाच्याच वळणावर गेला,' असं म्हणत भावानं त्याला घरच्या कुठल्याही गोष्टीत विचारायचं बंद केलं. एकदा कँटीनमध्ये दत्तू मला म्हणाला, "रोज घरी गेलो की ती तोंडाचा वास घेती. घिऊ द्या. पन साहेब, माझ्या रक्तात दारू निघाली कशी?" मी ताट उचलता उचलता म्हणालो, "मशीन चुकतात कधी कधी."

आणि इतकं असूनही ती दोघं दरवर्षी आम्हाला नवा इंद्रायणी तांदूळ पाठवत. साहेब हॉस्पिटलात पाच दिवस बसून होते ना! तो भात मी अकरा वर्षं खाल्ला.

मागच्या महिन्यात माझी बायको अलका आजारी पडली. लघवीचा संसर्ग, तो रक्तात गेला. वाकडच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे. मी बाकावर बसलेला, आणि सुमन डबा घेऊन आली — मऊ भात, मुगाचं वरण. काचेतून अलकाकडे बघून ती माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "दादा, रागवू नका. आमच्या यांचं मी समजू शकते, ते पीत हुते. पन वहिनींना कावीळ कशापायी?"

तिच्या विचारण्यात टोचणं नव्हतं. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारत होती.

मी सांगितलं. अलकाचं सांगता सांगता दत्तूचं सांगितलं — बाईंनी काय म्हटलं, त्याच्याआधी औषधाच्या खिडकीपाशी मी काय म्हटलं, कशासाठी म्हटलं. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. डब्याकडे बघत बोललो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हंजी ते खरं बोलत हुते." पुन्हा म्हणाली, "समदी वर्सं खरं बोलत हुते." आणि तिचा चेहरा — कसं सांगू? राग नंतर आला, पण आधी तो उजळला. नवरा परत मिळाल्यासारखा. मग ती उठली. "मला सांगितलं ते झालं. आता आमच्या घरी येऊन सांगा. दिरासमोर, सासूसमोर. तुमच्या तोंडानं."

रविवारी सकाळी गेलो. ओसरीवर दत्तू होता, त्याचा भाऊ होता, म्हातारी होती, शेजारची दोन माणसं सुमननं मुद्दाम बोलावली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाऊ मान खाली घालून बसला. म्हातारीनं दत्तूला जवळ बोलावलं, त्याचा तो दुखावलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरूनच बसली. मी माफी मागितली. दत्तू माझ्याकडे बघत म्हणाला, "नोंदीचं मी कवाच सोडून दिलं हुतं साहेब. हे न्हाई सोडनार."

मी 'बरं' म्हणालो आणि निघालो.

चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. बाजूचे लोक हॉर्न वाजवत होते, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो होतो. किती तरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत जात होता. हलकं वाटत होतं. तसं वाटायचा हक्क मला आहे का? असो वा नसो, वाटलं, आणि हेही आता लपवत नाही.

अलका घरी आली आहे. तिलाही सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आता बोलते. दत्तू फोन उचलत नाही, आणि मीही करत नाही. त्यानं सोडलेलं नाही, ते मला मान्य आहे.