आग बाहेर ठेवा

वडील दारूगोळा भरायच्या शेडमध्ये कामाला होते. आत जाताना दरबान खिसे चाचपायचा. काडीपेटी, बिडी, पेटणारं काहीही सापडलं की माणूस परत. हा कायदा त्यांनी घरातही लावला.

नागपूरहून आलेल्या भन्तेजींनी विहारात एवढंच सांगितलं होतं, की राग आला, दुःख आलं, तर त्याला हाकलू नका. श्वासावर लक्ष ठेवून नुसतं पाहा, ते आपणहून मावळतं. भन्तेजी सांगून गेले आणि दरबान आमच्या नशिबी आला. घरात कुणी चिडलं, रडलं की वडील त्याला बुद्धाच्या तसबिरीखाली बसवायचे, स्वतः दारात स्टूल टाकायचे आणि थोड्या वेळाने डोळ्यांत वाकून पाहायचे. "अजून आहे," म्हणायचे. राग, रडू जाईपर्यंत जेवण नाही. मला शांत व्हायला कधी जमलं नाही, शांत दिसायला मात्र लवकर जमलं.

लढाईच्या हिवाळ्यात खिडक्यांना काळे कागद लागले, वडिलांच्या सुट्ट्या बंद झाल्या. त्यातच नागपूरहून तार आली. आईची आई शेवटच्या घटका मोजत होती. शेजारचं जोडपं दुपारच्या बसने तिकडेच निघालं होतं, आईला सोबत न्यायला तयार होतं. आईने पिशवी भरली. ती हमसून रडत होती, एवढाच तिचा गुन्हा.

"अशी रडत घराबाहेर पडू नको," वडील स्टूलवर बसत म्हणाले. "श्वास पाह्य. शांत झाली की जा."

"मले जाऊ द्या जी. माय जाऊन राहिली माही."

"चलो, खाली बस आधी."

ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. वडिलांनी वाकून पाहिलं. अजून आहे. शेजारी दोनदा हाक मारून गेले. अजून आहे. बस गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून गेली असेल तेव्हा ते म्हणाले, "आता जा." तिच्या डोळ्यांत खरंच काही उरलं नव्हतं, आणि त्या दिवशी दुसरी बसही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तार आली. सगळं अनित्य आहे, वडील म्हणाले. तो शब्द आजही कुणी समजुतीने उच्चारला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लढाई संपली. शेडमध्ये वडिलांना कधी चटका बसला नाही. घरी चहा करताना स्टोव्ह भडकला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दवाखान्यात ते गुरासारखे ओरडत होते.

"अवं, सिस्टरले बोलाव. सुई देईल ते."

आई उठली. मला वाटलं, निघाली. तिने खाटेजवळचं स्टूल उचललं, दारात ठेवलं आणि त्यावर बसली.

"काहून ओरडून राहिले? श्वास पाहा. शांत झाले की बोलावते."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओरडणं थांबवलं. डोळे मिटून ते खरोखरच श्वास पाहू लागले. मला दया आली नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. आई उठून खाटेवर वाकली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "अजून आहे."