वरून पाच, आतून चार

गाडी कुठलीही येवो, गिअरबॉक्सचे मिस्त्री आधी कागदपत्रं मागत नसत. गिअरचा दांडा हातात धरायचा, डोळे मिटायचे, दोन-चारदा इकडेतिकडे ढकलायचा आणि सांगून टाकायचं, बॉक्स कुठला, कोणत्या घडणीचा, आत काय झिजलंय. तीस वर्षांत एका कामाची नोंद म्हणून ठेवली नव्हती. "लिहायचं कशाला? हाताला आठवतं की," म्हणायचे, आणि लोक माना डोलवायचे.

तेच मिस्त्री आज एका म्हाताऱ्या गाडीतून उतरवलेल्या बॉक्ससमोर उकिडवे बसून तिसऱ्यांदा बोल्ट मोजत होते.

"दहा. दहा म्हणजे पाच गिअरचा."

"मघाशीही दहाच होते," स्टुलावर बसलेली बायको म्हणाली.

"मग दांडा हाताला चारचा का लागला?"

"मला काय विचारता? मी काय गाडीच्या पोटात राहते?"

घोळ असा होता. बॉक्सवरचा नंबराचा पत्रा कुणीतरी केव्हाच उडवलेला. कव्हर दहा बोल्टांचं, म्हणजे नव्या, पाच गिअरच्या घडणीचं. पुढच्या शाफ्टचे दात मात्र जुन्या, चारच्या घडणीचे. स्पेअर पार्टवाला सकाळीच फोनवर वैतागला होता. "मिस्त्री, जुना म्हणा नाहीतर नवा म्हणा, पण काहीतरी एक म्हणा! जुन्याचा एकच सेट उरलाय, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. आणि तुम्ही अडलात? तब्येत बरी आहे ना?"

तब्येतीचं बोलणं मिस्त्रींना लागलं. त्यांचे थोरले दादा शेवटी शेवटी स्वतःच्याच दारात उभं राहून घर कुठंय विचारायचे. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी पाना खिशात ठेवून तासभर पाना शोधला. बायको आधी पोट धरून हसली, मग तिलाही दादा आठवले. त्या दिवशीच त्यांनी तिला सांगून टाकलं होतं, "ज्या दिवशी बॉक्स ओळखणार नाही, त्या दिवशी शटर खाली. लोकांच्या जिवाशी खेळ नको."

"उघडा ना मग एकदाचा," बायको म्हणाली. "बाहेरून किती गोंजारणार?"

उघडून ओळखणं त्यांना आजवर कमीपणाचं वाटायचं. पण आज दहाही बोल्ट सुटले. बॅटरीच्या उजेडात त्यांनी आत डोकावलं, चष्मा पुसला, पुन्हा डोकावलं. गिअर चारच. पाचव्याच्या जागी लेथवर कातलेली पितळी नळी, जागा भरून काढायला बसवलेली.

"हा कुणा येड्याचा उद्योग?" ते पुटपुटले. "नव्या केसिंगमध्ये जुनं सामान! पण नळी झकास कातलीय हं."

तेवढ्यात गाडीची मालकीण आली. घरोघर जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंगं करणारी नर्सबाई. काल तिच्या भाच्यानं गाडी ओढून आणून टाकली होती, त्यामुळे ती आजच येत होती.

"झाली का हो गाडी? दोन म्हातारे माझी वाट बघत बसलेत."

"बाई, आधी सांगा, ही भानगड कुणाकडून करून घेतलीत?"

नर्सबाई बघतच राहिली. "थट्टा करता का? तुम्हीच केलीत! आमचे हे होते तेव्हा. केसिंगला तडा गेला होता. तुम्ही दुसरं कुठूनतरी पैदा केलंत आणि वर म्हणालात, वरून पाच, आतून चार, कुणाला सांगू नका. हे कितीतरी दिवस हसत होते."

मिस्त्रींनी बोटानं केसिंगच्या आतली कड चाचपली. तेलाखाली दोन बारीक खळगे लागले. पंचाच्या टोकानं ठोकलेले, शेजारी शेजारी. स्वतः उघडलेल्या प्रत्येक बॉक्सवर ते हीच खूण करत.

त्यांनी आठवून पाहिलं. तो तडा, ती नळी, हसणारा तो माणूस. काही म्हणता काही आठवेना.

"अहो, म्हणजे हाताला बरोबरच लागलं होतं की!" बायको हळूच म्हणाली. "चारचा म्हणालात, चारचाच निघाला."

"हो. पण मी केलेलं मलाच ठाऊक नाही." हसावं की रडावं तेच त्यांना कळेना. ओळखला म्हणायचा की नाही ओळखला? शटर वर ठेवायचं की खाली? तेलकट हात त्यांनी मांडीला पुसले.

मग त्यांनी स्पेअर पार्टवाल्याला फोन लावला. "जुन्याचा सेट दे. चारचा. बघून सांगतोय."

फोन ठेवून त्यांनी टोकदार खिळा उचलला आणि केसिंगवर एकेक अक्षर कोरायला घेतलं. वरून पाच, आतून चार. खाली जागा उरली.

"आज तारीख किती गं?"

बायकोनं तोंड उघडलं.

"थांब," मिस्त्री म्हणाले. "सांगू नकोस."

आणि खिळा तसाच टेकवून ते आठवत राहिले.