खारट गवताचं वजन

त्या मावशीचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण आमच्या भेटी भांडणातच संपल्या.

मंद्रूपच्या पुढं, कालव्याच्या पाण्यानं क्षारपड झालेल्या एका रानात मी संशोधनासाठी दर महिन्याला जायची. खुंट्या ठोकून आखलेल्या चौकोनातलं खारट गवत कापायचं, वाळवून तोलायचं आणि महिन्यात किती वाढलं ते बघायचं, एवढंच माझं काम. मावशी बांधावर म्हैस चारायची. एक डोळा म्हशीवर, दुसरा माझ्यावर.

वजन छान वाढत होतं. मी खूश होते. मग एकदा त्या गवतात चक्क मक्याचं पान निघालं! पुढच्या खेपेला विळा धुवायच्या निमित्तानं कालव्याकडं गेले आणि मागं वळून पाहिलं. मावशी आपल्या भाऱ्यातला मूठभर चारा माझ्या पिशवीत कोंबत होती.

“मावशी, माझी सगळी मापं वाया घालवलीत!”

“आता गं! एवढुशा गवतावर तुजी म्हैस कशी जगंल?”

“मला म्हैस नाहीये! हे नुसतं तोलायचंय!”

प्रेमानं नासाडी करणाऱ्यावर धड ओरडताही येत नाही.

पुढच्या महिन्यात गेले, तर चौकोन साफ कापलेला. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडायच्या आत मावशीनं दुधाची बाटली माझ्या हातात दिली.

“म्हैस न्हाय तर गवत काय करतीस? आमच्या म्हशीला घातलं. हे घे, दूध पी. तोलायचंच आसंल तर हेच तोल की, कमी न्हाय भरायचं.”