एस्थरताई गाडी मागे घेतात

एस्थरताई कुणाशीही बोलायच्या त्या अख्ख्या वळून. हाक मारली की आधी पावलं फिरायची, मग खांदे, आणि त्या खांद्यांबरोबरच चेहरा समोर यायचा. नवख्या माणसाला वाटायचं, बाई भांडायला उभ्या राहिल्या. कारण एवढंच की ऑपरेशनमध्ये त्यांच्या मानेचे मणके पट्टी आणि स्क्रू घालून एकमेकांना जखडले होते. मान खाली जराशी झुकायची, बाजूला जवळजवळ नाहीच. "मागून कुजबुजणाऱ्यांचं माझ्याकडे खातंच बंद झालंय," त्या म्हणायच्या. "काय बोलायचं ते पुढ्यात येऊन बोला."

मूळच्या त्या नगरच्या. वडील मिशन कंपाउंडात राहायचे आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. चर्चमधल्या, भजनी मंडळांतल्या, कुणाच्याही. एस्थरताई दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात लागल्या, सेक्शन ऑफिसर झाल्या, आणि गाझियाबादला चारी बाजूंनी शेतं होती तेव्हा आमच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन एकट्या राहायला आल्या. मी लग्न होऊन पुण्याहून तिथे पोचले तोवर शेतांच्या जागी मॉलचे सांगाडे उभे राहत होते. लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "आईला सांग, घाबरू नकोस म्हणावं. इथे मी आहे." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या पांढऱ्या छोट्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागले.

ती गाडी त्यांनी उमेदीच्या काळात घेतली होती. कॅसेट वाजवायची सोय असलेली, काचा हाताने फिरवून खाली करायच्या. यमुनेच्या पुलावर कितीही कोंडी असो, एस्थरताई हॉर्न वाजवायच्या नाहीत. मी चिडले की म्हणायच्या, "स्क्रू पडला तर शोधायचा, अनघा. राग पडला तर पडू द्यायचा."

मग मानेचं ते ऑपरेशन झालं. त्यानंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण मागे बघणं बंद झालं ते झालंच. आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात, खांबांच्या मधे. त्यांची जागा एका खांबाच्या आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीच्या बेचक्यात होती. उलटं आल्याशिवाय तिथून बाहेर पडताच येत नसे. आरशांच्या भरवशावर काही दिवस निभलं. मग एका सकाळी गाडीखाली काहीतरी कडकड वाजलं.

उतरून पाहिलं तर एक लहान मुलांची गुलाबी सायकल. तिसऱ्या मजल्यावरच्या पीहूची. ती आडवी टाकून पोरगी वर पाणी प्यायला गेली होती. चाक चेपून पापडासारखं झालं होतं. पीहू आली, रडली, त्याच संध्याकाळी एस्थरताईंनी तिला नवी सायकल आणून दिली आणि ती हसलीसुद्धा. पण एस्थरताई हसल्या नाहीत. त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवून दिली आणि मला एवढंच म्हणाल्या, "सायकल होती म्हणून."

सायकलच्या जागी पीहू असती तर, हे मला न सांगताच कळलं.

सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी भले गृहस्थ होते. त्यांनी सांत्वन केलं, "मैडम, अब उमर भी है। ड्राइवर रख लीजिए, या बेच दीजिए।" नगरहून एस्थरताईंचा थोरला भाऊ, दादा, रोज फोन करून तेच सांगायचा. आम्ही दोघी कॅबने जाऊ लागलो. मागच्या सीटवर बसून त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहायच्या. ज्या बाईने मला दिल्लीचे रस्ते शिकवले, तिला कुणीतरी न्यायचं आणि आणायचं, हे मलाच सहन होत नव्हतं.

असेच काही आठवडे गेले. मग एक दिवस कॅबवाल्याने ऑफिसच्या दारात गाडी मागे घेतली आणि त्याच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यावर मागचा रस्ता दिसू लागला. फुटपाथ, कुंडी, शेपूट हलवणारं कुत्रं, सगळं. एस्थरताई सीटवरच अख्ख्या फिरल्या. "भैया, ये क्या है?"

"कैमरा है मैडम। पीछे का सब दिखता है।"

"पुरानी गाड़ी में लगता है?"

"लगाने वाला चाहिए।"

त्या शनिवारी आम्ही करोल बागेत होतो. माझा नवराही बरोबर होता. दुकानदाराने टचस्क्रीन दाखवली. गाणी, फोन, नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं तिच्यात. बोलत मात्र तो माझ्या नवऱ्याशीच होता. "भाईसाहब, गाड़ी बहुत पुरानी है, मैडम को समझाइए।" नवऱ्याने बोट एस्थरताईंकडे केलं, "गाड़ी इनकी है।" शेजारी एका गाडीचं काम चाललं होतं. कारागिराने वायर तोंडात धरली, दाताने तिचं आवरण सोललं, दोन टोकं पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. एस्थरताईंनी ते पाहिलं.

"सामान पैक कर दीजिए," त्या म्हणाल्या. "लगाऊँगी मैं।" आणि बाहेर आल्यावर मला, "माझ्या गाडीला कुणी दात लावलेले चालणार नाहीत."

मी घाबरले. "ताई, आपल्याला कुठे येतं?"

"येत नाही. बघितलं की येईल. बाबा पेटी उघडताना म्हणायचे, ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने उलटं बाहेर या, चुकत नाही."

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी जुना सलवार-कमीज चढवला आणि आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. आधी बॅटरीची वायर काढली. मग जुन्या कॅसेट प्लेअरभोवतीची प्लास्टिकची चौकट त्यांनी लाकडी उलथण्याच्या कडेने हळूहळू उचकटली. निघालेला प्रत्येक स्क्रू पोह्यांच्या बशीत, डॅशबोर्डवर जिथला तिथेच मांडलेला. नवा पडदा जुन्या खाचेपेक्षा दुप्पट उंच होता. खालचा रिकामा कप्पा आणि वरची खाच यांच्यामधली पट्टी कापायला हवी होती. करवतीच्या पात्याला रुमाल गुंडाळून त्यांनी ती स्वतः कापली.

पुढची अडचण मोठी होती. वायरी जोडायच्या तर डॅशबोर्डच्या खाली बघायला हवं, आणि त्यांची मान तर वाकत नव्हती. थोडा विचार करून त्यांनी सीट पार मागे पाडली, तिच्यावर उलट्या आडव्या झाल्या, पाय वर सीटच्या पाठीवर आणि डोकं खाली पेडलांशी. मान सरळच राहिली. हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर टॉर्च. "पिवळ्या वायरीला झोप नाही, वीज कायम," आतून आवाज आला, "लाल किल्लीबरोबर उठते, काळी जमिनीला टेकते, अर्थिंगची. सोपं आहे गं."

तेवढ्यात त्यागीजी आले. त्यांना गाडीतून वर आलेले दोन पाय तेवढे दिसले. क्षणभर ते थबकले आणि मग अत्यंत अदबीने त्या पायांनाच म्हणाले, "मैडम, सब ठीक?"

"बिल्कुल, त्यागीजी," गाडीच्या तळातून उत्तर आलं. "ज़रा टॉर्च इधर कीजिए।"

त्यागीजींनी मोबाइलची टॉर्च धरली. बराच वेळ धरली.

कॅमेरा मागे नंबर प्लेटच्या वर बसवला. त्याची वायर डिकीतून पुढे आणायची होती, पायाखालच्या गालिच्याखालून. ती मधेच अडायची. मी रडकुंडीला आले. एस्थरताई म्हणाल्या, "परकराची नाडी कधी ओवली नाहीस का?" आणि वरून एक जाडशी पिन आणायला लावली. वायर पिनेला बांधली आणि मी गुडघ्यांवर बसून चिमटीचिमटीने पुढे सरकवत आणली. डॅशबोर्डखाली तिचं टोक निघालं तेव्हा मी ओरडलेच.

बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. पडदा उजळला. एव्हाना समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत माणसं जमली होती. मी गाडीमागे एक रिकामी बादली ठेवली. एस्थरताईंनी रिव्हर्स टाकला, पडद्यावर बघत सावकाश मागे आल्या, बादली चुकवायला स्टिअरिंग वळवलं आणि नेमक्या बादलीवरच जाऊन आदळल्या. बादली खडखडत त्यागीजींच्या पायाशी गेली. वर कुणीतरी हसलं.

"मैडम, रहने दीजिए," त्यागीजी हळूच म्हणाले.

एस्थरताई उतरल्या. चेहरा पांढरा पडला होता. मला ती गुलाबी सायकल आठवली. त्यांनाही तीच आठवली असणार. आता त्या वर जातील आणि किल्ली पुन्हा फ्रिजवर जाईल, असं मला वाटलं. त्या बादलीकडे चालत गेल्या, तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग पडद्याकडे.

"बादली डावीकडे होती," त्या म्हणाल्या. "पडद्यावर उजवीकडे दिसत होती. आरशात डावं डाव्या हाताला दिसतं. हा पडदा मला आरशासारखं दाखवत नाहीये." आणि तिथूनच त्यांनी दुकानात फोन लावला. "भैया, तस्वीर उलटी आ रही है। दायाँ बायाँ बदल गया है।"

"कैमरे के पास पतली तार का छोटा-सा छल्ला होगा, उसे काट दीजिए," दुकानदार म्हणाला. मग त्याने विचारलं, "मैडम, लगवाया किससे?"

"मैंने लगाया।"

"आपने? खुद?"

"खुद."

"मैडम," तो म्हणाला, "कमाल है।"

तो छल्ला मी शिवणाच्या कात्रीने कापला. बादली परत जागेवर ठेवली. एस्थरताई आत बसल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पडद्यावर. गाडी मागे आली. बादलीला वळसा घालून, खांबाला हातभर अंतर ठेवून, त्या बेचक्यातून अशी अलगद बाहेर पडली की जणू कुणी तिला हाताला धरून आणलं. तिथे त्या थांबल्या नाहीत. अंगणाला चक्कर मारली आणि उलट्याच पुन्हा आपल्या जागेत येऊ लागल्या. त्यागीजी भारावून अगदी मागेच उभे होते. गाडी थांबली. खिडकीतून आवाज आला:

"त्यागीजी, आप टीवी पर आ रहे हैं। हट जाइए।"

त्यागीजींनी आधी मफलर नीट केला, मगच ते बाजूला झाले. बाल्कन्यांत टाळ्या सुरू झाल्या. पीहू सर्वांत जोरात वाजवत होती.

सोमवारी सकाळी आम्ही पुलावर होतो. काचा खाली, वारा आत. एस्थरताई गात होत्या, चर्चमधलं काहीतरी, मोठ्याने, बेसूर. पेटी दुरुस्त करणाऱ्याची लेक इतकं बेसूर गाते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारायला आल्या, आमच्या गाडीलाही लावून द्याल का. "लावून देणार नाही," त्या म्हणायच्या. "शिकवीन." काही जणी खरंच शिकल्या. त्यागीजींच्या पत्नी त्यांतल्या पहिल्या.

मग एस्थरताई निवृत्त झाल्या. नगरला परत जायचं ठरलं. दादाने फर्मान काढलं की तू ट्रेनने ये, गाडी ट्रकने येईल. एस्थरताईंनी मला विचारलं, "एवढा नकाशा बोलतोय, त्याचं मन कशाला मोडायचं?" आणि भल्या सकाळी एकट्या निघाल्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर पुढ्यात येऊन रड, म्हणजे मला दिसेल." मी पुढ्यात गेले. त्यांनी मला घट्ट धरलं आणि गेल्या.

ग्वाल्हेरहून फोन आला, इंदूरहून आला. धुळ्याच्या अलीकडून आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता, "अनघा, मराठीत पाटी! 'वाहने सावकाश हाका'! मी चक्क थांबले आणि पुन्हा वाचली."

शेवटचा फोन त्यांनी गाडी चालू असतानाच केला, त्या पडद्यावरूनच, त्यामुळे मला तिकडचं सगळं ऐकू येत होतं. "कंपाउंडात शिरतेय," त्या म्हणाल्या. मग रिव्हर्सची पिपपिप. बायकांचा गलका. आणि त्यात एका म्हाताऱ्या पुरुषाचा घाबरलेला आवाज, "येऊ दे, येऊ दे... थांब! डावीकडे घे! अगं, मी सांगतो तसं घे!"

"दादा," एस्थरताई शांतपणे म्हणाल्या, "बाजूला हो. मला दिसतंय."

पिपपिप आणखी थोडी चालली. मग इंजिन बंद झालं.