परातीतलं मिठागर

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की मला अजून तिथे ती परात दिसते. नसते खरं तर, पण दिसते. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या गच्चीवरून चारी बाजूंना इमारतीच इमारती, मध्येच एखादा ताड, आणि लांब खाडीच्या अंगाला उन्हात काहीतरी चकाकत असतं. पाणी असेल, पत्रे असतील, देव जाणे. माझे वडील मात्र तिकडे बोट करून खुशाल सांगतात, "त्ये बघ, आपलं मिठागर." आपलं मिठागर जाऊन जमाना झाला. त्याच्यावर भराव पडला, भरावावर रस्ता आला. पण बाबांशी कोण वाद घालणार? आणि त्या पांढऱ्या उजेडात डोळे मिचकावत उभं राहिलं की मलाही ते खरंच वाटायला लागतं.

ती परात माझ्या लेकीची. ती सातवीत होती तेव्हाची.

तिची शाळा पनवेलातली, मी शिकले तीच. तिथे आठवीला तुकड्या पाडतात. अ तुकडीला गणित-विज्ञान इंग्रजीतून, क तुकडीला सगळं मराठीतून. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण प्रयोगशाळेचे तासही अ तुकडीलाच. का, तर तीच मुलं पुढे सायन्सला जाणार. आणि पुढे सायन्सला तीच मुलं का जातात, तर प्रयोगशाळा त्यांनी पाहिलेली असते. आहे की नाही गंमत? त्या तासाला क तुकडीने बागेला पाणी घालायचं. मी क मध्ये होते. इतकं पाणी घातलंय म्हणून सांगू, त्या जास्वंदीला अजून माझी आठवण येत असेल.

लेकीला अ तुकडी हवी होती ती एकाच गोष्टीसाठी. प्रयोगशाळेच्या अर्धवट उघड्या दारातून तिने एकदा मायक्रोस्कोप पाहिला होता. टेबलावर ठेवलेला, वर निळं कापड, कापडाखालून नुसता पाय दिसणारा. झालं! त्या दिवसापासून घरातली कुठलीच वस्तू साधी राहिली नाही. कांदा चिरताना पापुद्रा उजेडात धरून विचारायची, "आई, हे त्याच्यातून कसं दिसेल गं?" माझा पांढरा केस. चहावरची साय. झोपेत असल्यासारखी बोलायची, डोळे कुठेतरी लांब. मी म्हणायचे, "दिसेल छान. आता गिळ तो चहा."

पालकसभेला तिच्या बाई म्हणाल्या, "मुलगी शांत आहे हो. हातसुद्धा वर करत नाही." मी खिडकीतून पाहिलं होतं की. करत होती हात वर, पण कानापर्यंतच. पूर्वी पूर्ण करायची. एकदा उत्तर देताना तिच्या तोंडून आमच्या घरातलं 'हाय' आणि 'नाय' निघालं, वर्ग खो खो हसला, बाईही हसल्या, आणि तेव्हापासून हात अर्ध्यावर आला. उत्तर बरोबर होतं, बरं का. ते कुणी ऐकलंच नाही.

"घरी अभ्यास कोण घेतं तिचा?" बाईंनी विचारलं.

"तीच घेते," मी म्हटलं.

बाई गोड हसल्या. वाईट नव्हत्या त्या, मुळीच नव्हत्या. म्हणाल्या, "मग अ तुकडीचा ताण कशाला? राहू दे पोरीला आनंदात." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आनंद म्हणे! जसा काही आनंद क तुकडीत खिरापतीसारखा वाटतात. तरी बाईंनी एक दार किलकिलं ठेवलं. "विज्ञान प्रदर्शनात प्रकल्पाला चांगले गुण पडले तर बघू. ते गुण धरतातच तुकड्या पाडताना."

मग काय, घरात दुसरा विषयच नाही. बाकीच्या मुलांचं ठरलेलं असतं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प करून मिळतात, थर्माकोलचा ज्वालामुखी, आतून लाल दिवा, खाली इंग्रजीत छापलेली माहिती. लेकीने आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी मिठागर करणार."

बाबांचा चेहरा काय उजळला! दुसऱ्याच दिवशी कुठून तरी खाडीचा चिखल घेऊन आले. गच्चीवर मोठ्या परातीत तो थापला, बोटांनी बांध घातले, छोटे छोटे वाफे केले. कॅनमधून खारं पाणी आणलं, बादलीत भरून तिथेच उन्हात आटवत ठेवलं. दोघं दुपारभर त्या बादलीपाशी बसलेले असायचे. बोलायचे कमी. पाण्यावर आभाळ दिसायचं, त्यात दोघांची डोकी, आणि बाबा मध्येच पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "अजून नाय झालं, बाय." मी कपड्यांची बादली घेऊन तशीच उभी राहायचे. किती वेळ, कुणास ठाऊक. लहानपणी आमच्या मिठागराच्या बांधावर मी अशीच उभी असायचे, पायाखाली सगळं पांढरं, डोक्यावर सगळं पांढरं, आणि आपण नक्की कुठे संपतो तेच कळायचं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आताच ओता की पाणी वाफ्यांत. सकाळपर्यंत मीठ धरेल."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेडीच आहे. बाबा म्हणाले, "तयार मीठ कशाला दाखवायचं? त्ये तर वाण्याकडं पण हाय. मीठ पडताना दाखवायचं." मिठागरात सकाळी आटवलेलं पाणी सोडतात आणि उन्हं चढली की मीठ पडायला लागतं, मिठागरावर राबलेल्या साऱ्यांना हे माहीत. त्यांचं म्हणणं मला पटलं. आमच्या वेळी प्रदर्शन शाळेच्या पटांगणात भरायचं, आताही तिथेच उन्हात असेल असं मी धरून चालले. रिक्षात पायाशी आटवलेल्या पाण्याचा कॅन आणि मांडीवर परात घेऊन बाबा असे बसले होते, जसं काही पोर बारशाला निघालंय.

पण या वेळी प्रदर्शन हॉलमध्ये होतं. पडदे ओढलेले, ट्यूबलाइट लावलेल्या. कपाळ माझं! सगळीकडे दिवे लुकलुकत होते, ग्रह फिरत होते, आणि मध्येच आमची परात. चिखल आणि नुकतंच ओतलेलं पाणी. परीक्षक मॅडम आल्या, वाकून बघितलं. "हे अजून पूर्ण नाही झालं का, बाळ?"

"नाय," लेक म्हणाली, मग जीभ चावली. "ऊन लागलं की दिसेल."

मॅडमनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि ज्वालामुखीकडे गेल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, थांबा थोडं, फक्त ऊन येऊ द्या. पण त्या हॉलमध्ये पाय ठेवला की मी अजून क तुकडीतलीच असते.

बाबांनी परात उचलली आणि बाहेर व्हरांड्यात उन्हात ठेवली. आम्ही तिघं तिच्याभोवती बसलो. आत बक्षिसं वाटून झाली, टाळ्या झाल्या. इकडे पाण्यावर आधी नुसती साय आली, मग एका कडेला काहीतरी लुककन चमकलं, मग आणखी एक. बघता बघता वाफेच्या वाफे पांढरे झाले. लेक श्वास रोखून बघत होती. एवढं सुंदर मी तोवर त्या शाळेत काही पाहिलं नव्हतं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात आठवीचे विज्ञानाचे सर तिथून निघाले होते, ते थांबलेच. "अरे वा! कुणी केलं हे?" लेकीचा हात वर गेला, पूर्ण. सर म्हणाले, "हे लॅबमध्ये ठेवू या का? स्फटिक शिकवताना मायक्रोस्कोपखाली दाखवता येईल मुलांना." तिने परात दोन्ही हातांनी सरांकडे दिली. घरी येताना रिक्षात ती हसत होती, बाबा हसत होते, मीही हसत होते. आम्हाला तिघांनाही वाटलं, झालं काम.

जूनमध्ये तुकड्या लागल्या. ती क मध्ये. प्रकल्पाच्या पुढे 'अपूर्ण' असा शेरा होता. मी तणतणत शाळेत गेले, बाईंनी गोड हसून समजावलं, आणि मी परत आले. ती रडली नाही. तेच मला जास्त लागलं.

पुढे एका दुपारी शाळेतून आली, दप्तर काढलंच नाही. मी गच्चीवर होते, तिथे येऊन उभी राहिली, खाडीकडे तोंड करून. म्हणाली, "आज अ तुकडीला माझं मीठ दाखवलं. आमचा बागेचा तास होता."

"मग?"

"माझी मैत्रीण आहे ना तिकडे, ती म्हणाली, छान दिसतं." लांबवर ते चकाकत होतं, पाणी की पत्रे. "आई, कसं दिसत असेल गं माझं मीठ त्याच्यातून?"

मी तिला जवळ घेतलं. मीही त्यातून कधी पाहिलं नव्हतं.